करार लिहायचा तो वाईट दिवसासाठी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : युरोपियन वर्क्स कौन्सिल आणि कामगार प्रतिनिधींचे प्रशिक्षण

डिसेंबर 1961 पूर्वीच्या गोव्यात ज्यांच्या आईवडिलांची, आजीआजोबांची जन्मनोंद झाली, त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपभर पांगली. कोणी गोदामात आहे, कोणी अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात, कोणी विमानतळावर. इकडे वेर्णे, कुंडई, पिसुर्ले, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींतही असे कारखाने आहेत ज्यांचे मूळ मालक युरोपात बसतात. गेल्या दोन अंकांपासून या दोन्ही बाजूंनी एकाच विषयावरची पत्रे येत आहेत, म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिले आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या कंपनीचे युरोपीय संघात मिळून किमान 1000 कामगार असतील आणि निदान दोन देशांत प्रत्येकी किमान 150 असतील, तर सगळ्या देशांच्या कामगारांना मिळून एक मंडळ मागता येते. तेच युरोपियन वर्क्स कौन्सिल. 1994 च्या निर्देशाने (म्हणजे युरोपीय संघाचा असा आदेश जो प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा असतो) ते आले, 2009 च्या निर्देशाने त्याची नव्याने मांडणी झाली आणि 2025 मध्ये आणखी एक सुधारणा मंजूर झाली, जी देशोदेशींच्या कायद्यात उतरायला अजून अवधी आहे. हे मंडळ पगारवाढ ठरवत नाही. एकाहून अधिक देशांना झळ पोचवणाऱ्या निर्णयांची माहिती वेळेत मिळावी आणि त्यावर मत देता यावे, एवढाच त्याचा हक्क. तो वापरायचा कसा, हे कंपनीशी लेखी कराराने ठरते, आणि तो करार करण्यासाठी कामगारांचे एक विशेष वाटाघाट मंडळ निवडले जाते.

प्रश्न : मी मूळचा साखळीचा. पोर्तुगालमध्ये एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात आहे. कंपनी पाच देशांत पसरली आहे. सहकाऱ्यांनी मला विशेष वाटाघाट मंडळावर पाठवले आहे. पहिल्या बैठकीआधी तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळेल म्हणतात. मी कधी युनियनचे काम केलेले नाही. या तीन दिवसांत काय पदरात पाडून घ्यावे?

उत्तर : आधी हक्काचे बोलू. प्रशिक्षणाचे दिवस तुमच्या रजेतून कापले, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. 2009 च्या निर्देशातल्या कलम 10 च्या चौथ्या परिच्छेदानुसार कामासाठी गरजेचे प्रशिक्षण पगार न कापता मिळायला हवे, आणि ते वाटाघाट मंडळाच्या सदस्यालाही लागू आहे. कौन्सिल स्थापन होईपर्यंत थांबा, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. रात्रपाळी करून सकाळी नऊला वर्गात बसायची वेळ आणू नका. आदल्या दिवसाची पाळी सोडवून घेणे हाही त्याच हक्काचा भाग आहे असे धरून मागा. वाटाघाट मंडळाचा खर्च मुख्य व्यवस्थापनाने सोसायचा असतो. मंडळाला आपल्या पसंतीचे तज्ज्ञ नेता येतात, पण देशाचा कायदा एकाच तज्ज्ञाचा खर्च देण्यापुरती मर्यादा घालू शकतो. म्हणून प्रशिक्षकाचे बिल त्या तज्ज्ञाच्या खात्यात टाकू देऊ नका. आणि प्रशिक्षक मंडळाने निवडलेला हवा, कंपनीने सुचवलेला नको.

आता शिकायचे काय. बहुतेक अभ्यासक्रम कायद्याच्या इतिहासाने सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे विमान गाठायच्या घाईत असताना, मसुद्याशी पोचतात. तुम्ही उलटा क्रम मागा. पहिल्या सकाळी भिंतीवर एक लांब कागद लावायचा. त्याच्या उजव्या टोकाला लिहायचे : सोमवार, सकाळी दहा, एका देशातला कारखाना बंद करण्याची घोषणा. मग तिथून मागे मागे यायचे. कामगारांना हे ऐकायला मिळण्याआधी कौन्सिलचे मत कंपनीच्या हातात पडलेले असायला हवे, म्हणजे ते किती दिवस आधी? मत लिहायला किती दिवस? त्याआधी तज्ज्ञाला हिशेब तपासायला किती? भाषांतराला किती? कागदपत्रे कधी यायला हवीत? संचालक मंडळाची बैठक कधी? असे मोजत गेलात की साधारण दोन-अडीच महिने होतात. मग कंपनीचा मसुदा उघडा आणि पाहा, त्यातल्या मुदतींनी या कागदावर तुम्ही कुठे उभे राहता. बहुधा घोषणेच्या आदल्या रात्री.

ही भीती कल्पनेतली नाही. 27 फेब्रुवारी 1997 ला रेनॉने बेल्जियममधला विलवोर्डचा मोटार कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. सुमारे 3100 कामगार होते. कारखाना बेल्जियममध्ये, निर्णय फ्रान्समध्ये, आणि कंपनीच्या युरोपीय मंडळाला आधी विचारलेलेच नव्हते. प्रकरण फ्रान्समध्ये नांतेरच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला, वर्सायच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. तरीही कारखाना त्याच वर्षी बंद झाला. खटला जिंकून वेळ मिळाला, कारखाना मिळाला नाही. म्हणून कराराची सगळी ताकद घोषणेच्या आधीच्या आठवड्यांत ओतायची असते.

मसुदा वाचण्याची एक रीत मराठीत चांगली बसते. चार क्रियापदे लक्षात ठेवा : कळवणे, विचारणे, ऐकणे, मानणे. निर्देश पहिल्या तिन्हींचा हक्क देतो, चौथ्याचा देत नाही. प्रत्येक वाक्याखाली यातले कोणते क्रियापद आहे ते पेन्सिलने लिहा. चार पानांच्या मसुद्यात जागोजागी नुसते 'कळवणे' आले, तर तो सल्लामसलतीचा करार नाही, ती वार्तापत्राची वर्गणी आहे.

एक नमुन्याचे कलम घेऊ. 'महत्त्वाच्या बाबींची माहिती कौन्सिलला योग्य वेळी दिली जाईल व आवश्यकता भासल्यास विशेष बैठक बोलावण्यात येईल.' ऐकायला गोड आहे, पण धरायला कुठेच मूठ नाही. महत्त्वाची कोणाच्या मते? योग्य वेळ निर्णयाआधीची की नंतरची? आवश्यकता कोणाला भासायची? आणि बैठक किती दिवसांत? तेच कलम असे व्हायला हवे : 'कारखाना किंवा विभाग बंद करणे, दुसऱ्या देशात हलवणे, विकणे, विलीन करणे, तसेच सामूहिक नोकरकपात यांबाबतचा प्रस्ताव अंतिम होण्यापूर्वी मुख्य व्यवस्थापन कौन्सिलला लेखी माहिती देईल. कौन्सिलच्या लहान समितीने मागणी केल्यापासून 10 कामकाजी दिवसांत विशेष बैठक होईल. संपूर्ण माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत कौन्सिल मत देईल. व्यवस्थापन त्याला कारणांसह लेखी उत्तर देईल आणि ते उत्तर देईपर्यंत प्रस्ताव अमलात आणणार नाही.' आकडे कमीजास्त करता येतील. पण 'संपूर्ण माहिती मिळाल्यापासून' हे शब्द सोडू नका. 'पहिल्या बैठकीपासून' असे लिहिले, तर पहिल्या बैठकीत बारा स्लाइडी दाखवून घड्याळ सुरू होते आणि कागदपत्रे पंचविसाव्या दिवशी हातात पडतात.

नेहमीच्या बैठकांचे मोजमापही लिहून घ्या : विषयपत्रिका चार आठवडे आधी, कागदपत्रे तुमच्या भाषेत निदान 14 दिवस आधी, व्यवस्थापनाशी भेटीआधी कामगारांची स्वतःची पूर्ण दिवसाची बैठक आणि नंतर अर्ध्या दिवसाची. वाटाघाटीच्या काळात व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत आधी आणि नंतर भेटण्याचा हक्क निर्देशच देतो. तो पुरा वापरा. सभागृहात समोरासमोर जे घडते ते आदल्या दिवशीच्या खोलीत ठरलेले असते. त्या खोलीत पाच देशांचे एकमत झाले नाही, तर समोरच्यांना काही करावेच लागत नाही, तुम्हीच एकमेकांची वाक्ये तोडता.

घाईने सही करू नका, कारण पाठीमागे तळ आहे, म्हणजे करार झाला नाही तरी कायद्याने मिळणारे किमान. लेखी मागणी आल्यापासून सहा महिन्यांत व्यवस्थापनाने बोलणी सुरू करायला नकार दिला, किंवा मागणीपासून तीन वर्षांत करार झाला नाही, तर कायद्यातले ठरावीक नियम आपोआप लागू होतात : 2009 च्या निर्देशानुसार वर्षाला एक बैठक, जास्तीत जास्त पाच जणांची लहान समिती, आणि नोकऱ्यांवर गदा येणाऱ्या प्रसंगी विशेष बैठक. 2025 च्या सुधारणेत या ठरावीक नियमांतल्या वार्षिक बैठका दोन झाल्या आहेत. कंपनी देऊ करते ते या तळाच्या खाली असेल, तर ते नाकारून थांबणे हीसुद्धा वाटाघाटच. मंडळाने दोनतृतीयांश मतांनी बोलणी बंद करण्याचा ठराव मात्र रागाच्या भरात करू नये. तो केला की नवी मागणी करायला सर्वसाधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते आणि ठरावीक नियमांचा आधारही तेवढा काळ जातो.

प्रश्न : माझी बहीण आयर्लंडला एका कारखान्यात काम करते. त्यांच्या देशाला वाटाघाट मंडळावर एकच जागा दिली आहे. 'आम्ही अगदी दहा टक्के आहोत' असे ती म्हणते. हिशेब बरोबर आहे का? शिवाय तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, मग ती पोर्तुगालच्या बाजूने धरायची की आयर्लंडच्या? (म्हापसा)

उत्तर : पासपोर्टचा इथे काही संबंध नाही. ज्या देशात नोकरी, त्या देशाच्या मोजणीत माणूस.

जागांचा नियम असा : सगळ्या सदस्य देशांतल्या एकूण कामगारांपैकी दर दहा टक्क्यांना किंवा त्याच्या अंशाला एक जागा. समजा एकूण 6200 कामगार आहेत. जर्मनीत 3000, म्हणजे 48.4 टक्के, पाच जागा. पोर्तुगालमध्ये 1150, म्हणजे 18.5 टक्के, दोन. स्पेनमध्ये 900, म्हणजे 14.5 टक्के, दोन. आयर्लंडमध्ये 620, नेमके दहा टक्के, एक. पोलंडमध्ये 530, म्हणजे 8.5 टक्के, तरीही एक. एकूण अकरा. आता आयर्लंडमध्ये एकच माणूस जास्त मोजला, 6201 पैकी 621, की दहा टक्क्यांचा उंबरा ओलांडला आणि दुसरी जागा मिळाली.

म्हणून बहिणीने विचारायचे ते असे : यादी कोणत्या तारखेची, आणि अर्धवेळ काम करणारे मोजले का? कंपनी या कायद्याखाली येते की नाही हे ठरवताना मागच्या दोन वर्षांची सरासरी धरतात आणि अर्धवेळ कामगारही त्यात येतात. एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांचे काय, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आहे. आयर्लंडमध्ये यासाठी 1996 चा स्वतंत्र कायदा आहे, पोर्तुगालमध्ये 2009 चा.

कंपनी आकडेच देत नसेल तर? युरोपीय न्यायालयाने यावर निकाल दिलेले आहेत. बोफ्रोस्ट प्रकरणात, 2001 मध्ये, समूहात नियंत्रण कोणाचे हे कळण्यासाठी लागणारी माहितीसुद्धा कामगार प्रतिनिधींना द्यावी लागते असे ठरले. क्यूने अँड नागेल प्रकरणात, 2004 मध्ये, मुख्यालय युरोपीय संघाबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये होते. तरी संघातल्या ज्या कंपनीला मुख्य व्यवस्थापन मानले जाते तिने भगिनी कंपन्यांकडून माहिती गोळा करून दिली पाहिजे आणि त्या कंपन्यांनीही ती तिला दिली पाहिजे, असा निकाल लागला. 'आमचे हेड ऑफिस बाहेर आहे' ही सबब तिथेच संपली.

प्रश्न : बैठका इंग्रजीत होतात. मला इंग्रजी बोलता येते, पण कायद्याची भाषा डोक्यावरून जाते. मराठी किंवा कोंकणी दुभाषी मागता येईल का?

उत्तर : मागायला हरकत नाही, पण मराठी-कोंकणीत हा विषय जाणणारा दुभाषी युरोपात सापडणे फार कठीण. त्यात शक्ती घालवू नका. ज्या भाषेत तुम्ही भांडू शकता ती एक निवडा, पोर्तुगीज असो की इंग्रजी, आणि पहिल्याच बैठकीत ती लेखी नोंदवून घ्या. दुभाषी एका भाषेला दोन हवेत. कानातल्या यंत्रावरचे झटपट भाषांतर एकट्याने तासभर रेटले की ते घसरते. अर्ध्या तासाने दोघांनी पाळी बदलायची असते. खर्च वाचवण्यासाठी 'थांबून थांबून भाषांतर' सुचवले जाते. त्याला होकार दिला तर बैठकीचा अर्धा वेळ गेला असे समजा.

स्वतःसाठी चाळीसेक शब्दांची वही करा. एका रकान्यात करारातला शब्द, दुसऱ्यात त्याचा मराठी अर्थ, तिसऱ्यात एक उदाहरण. सर्वांत धोक्याचा शब्द सल्लामसलत हाच आहे. जर्मन मजकुरात त्याला 'आनहोरुंग' म्हणतात. रोजच्या जर्मनमध्ये त्यातून नुसते म्हणणे ऐकून घेणे असा ध्वनी निघतो. निर्देशाची व्याख्या त्याहून मोठी आहे : संवाद, मतांची देवाणघेवाण, आणि मताचा विचार होऊ शकेल अशा वेळी ते मागणे. व्याख्या शब्दशः करारात उतरवा, म्हणजे भाषा कोणतीही असो, मोजमाप एकच राहते. आणि करारात कोणत्या भाषेतली प्रत प्रमाण, हे एक ओळ लिहून ठेवा. पुढे वाद झाला की सगळे त्याच ओळीशी येतात.

प्रश्न : प्रत्येक पानावर 'गोपनीय' असा शिक्का मारून देतात. मग परत येऊन आमच्या लोकांना सांगायचे काय?

उत्तर : शिक्का पाहून गप्प बसू नका आणि शिक्का धुडकावूही नका. गुपित म्हणून स्पष्टपणे दिलेली माहिती फोडायची नाही, हे बंधन निर्देशाच्या कलम 8 मध्ये आहे आणि सदस्यत्व संपल्यावरही ते चालू राहते. कंपनी शेअर बाजारात असेल, तर घोषणेपूर्वी बाहेर गेलेल्या एका वाक्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणे तर नकोच.

बैठकीत मात्र तिथल्या तिथे चार गोष्टी विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात घ्या. नेमके कोणते पान किंवा कोणता आकडा गुपित? कशासाठी? कोणत्या तारखेपर्यंत? आणि कोणापासून : बाहेरच्यांपासून, की देशातल्या निवडून आलेल्या कामगार प्रतिनिधींपासूनही? असे विचारल्यावर चाळीस पानांपैकी दोन-तीनच उरतात. कारण दिल्याशिवाय गुपित ठेवता येऊ नये, ही दिशा 2025 च्या सुधारणेनेही धरली आहे. बैठक संपण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मान्य केलेले अर्ध्या पानाचे निवेदन तयार करून घ्या, परत गेल्यावर तेच वाचून दाखवायचे. आपल्या देवस्थानांत महाजनांची सभा ठराव बुकात लिहून, सह्या घेऊनच उठते. तीच शिस्त इथे लागते. नंतर ईमेलने पाठवू म्हटलेले निवेदन आले तरी ते तुमच्या शब्दांत नसते.

प्रश्न : मुलगा स्विंडनला आहे. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्यांचे सगळे संपले का? (मडगाव)

उत्तर : 31 डिसेंबर 2020 नंतर ब्रिटनमधले कामगार या निर्देशाच्या मोजणीत येत नाहीत. पण आधी झालेल्या कित्येक करारांत ब्रिटिश प्रतिनिधी राहिले आहेत. मुलाने कराराचे व्याप्तीचे कलम वाचावे. तिथे 'युरोपीय संघाचे सदस्य देश' एवढेच असेल तर जागा धोक्यात. देशांची नावे लिहून ब्रिटन त्यात असेल तर जागा शाबूत.

प्रश्न : वेर्ण्याच्या कारखान्यात आमची युनियन आहे. मूळ कंपनी युरोपातली, तिथे वर्क्स कौन्सिल आहे. आमची एक लाईन दुसऱ्या देशात नेणार अशी कुणकुण आहे. आम्ही तिथे प्रतिनिधी पाठवू शकतो का?

उत्तर : हक्काने नाही. निर्देश सदस्य देशांपुरता आहे. पण करारात दोन्ही बाजूंच्या संमतीने बाहेरच्या देशांतल्या कामगारांना निरीक्षक म्हणून बोलावण्याची तरतूद करता येते आणि काही समूहांत तशी पद्धत आहे. त्यामुळे पहिले काम म्हणजे कौन्सिलचा करार मिळवणे. तो तुमच्या व्यवस्थापनाकडे मागा. नाही मिळाला तर तुमची युनियन ज्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे त्याच्यामार्फत तुमच्या उद्योगाच्या जागतिक कामगार महासंघाकडे आणि तिथून कौन्सिलच्या सचिवाकडे जा.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एक पान तयार करा, इंग्रजीत. कायम कामगार किती, कंत्राटी किती, गेल्या तीन वर्षांत दोन्ही आकडे कसे हलले. कोणत्या लाईनवर काय बनते आणि माल कोणत्या देशात जातो. चालू सेटलमेंट, म्हणजे युनियन आणि कंपनी यांच्यातला करार, कधी संपते. अपघात किती. कोणती यंत्रे बांधून ठेवली, कोणत्या ऑर्डरी थांबल्या, तारखांसह. युरोपातल्या प्रतिनिधीला समोरच्या स्लाइडीवर 'आशियातील क्षमतेची फेरमांडणी' एवढेच दिसते. तुमच्या पानावरून त्याला कळते की ती वेर्ण्याची तिसरी लाईन आहे. तो मग प्रश्न विचारू शकतो. आणि याचा फायदा त्यांनाही आहे, कारण आज काम गोव्यातून हलते तसे उद्या त्यांच्याकडून गोव्यात हलेल.

त्याने गुपित फोडून तुम्हाला सांगावे अशी अपेक्षा मात्र धरू नका. तुमची कायदेशीर लढाई इथलीच. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू आहे. सेवाशर्तींत ठरावीक बदल करायचे तर कलम 40 खाली 21 दिवसांची नोटीस लागते. कारखान्यात 300 किंवा अधिक कामगार असतील तर बंद करण्याआधी किमान 90 दिवस सरकारकडे परवानगी मागावी लागते. त्याखाली, पण 50 आणि वर असतील, तर 60 दिवसांची नोटीस. म्हणून कायम आणि कंत्राटी यांचा आकडा आजच पक्का करून ठेवा. बंदची गोष्ट निघते तेव्हा सर्वांत आधी 300 हा आकडाच हलवला जातो. चालू सेटलमेंटची प्रत घरच्या कपाटात हवी. हाती नसेल तर पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, श्रम आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : फोंड्यात आमची संघटना अशा प्रतिनिधींसाठी दोन दिवसांचा वर्ग घेणार आहे. व्याख्याने ठेवली की लोक डुलक्या काढतात. सराव कसा घ्यावा?

उत्तर : चौदा माणसांचा वर्ग करा, जास्त नको. चौघे व्यवस्थापन, आठ जण चार देशांचे प्रतिनिधी, एक दुभाषी, एक इतिवृत्त लिहिणारा. दुभाषी खोटा ठेवू नका : एका 'देशाच्या' दोघांनी फक्त कोंकणीत बोलायचे, व्यवस्थापनाने फक्त इंग्रजीत. वाट पाहण्याचा, अर्थ घसरण्याचा अनुभव त्यातूनच येतो.

पहिल्या फेरीआधी कामगार गटाला 40 मिनिटे एकटे सोडा. मग 25 मिनिटे समोरासमोर, 10 मिनिटे तहकुबी, पुन्हा 25 मिनिटे. तहकुबी मागायला लोक लाजतात, तिला माघार समजतात. म्हणून नियमच ठेवा की कामगार गटाने एकदा तरी ती मागायचीच. गटाच्या वतीने एकच जण बोलेल, बाकीच्यांनी चिठ्ठी सरकवायची. आठही जण बोलू लागले की समोरचे सर्वांत नरम माणूस हेरून त्याच्याशीच बोलतात.

व्यवस्थापनाच्या चौघांना एक बंद पाकीट द्या. त्यात लिहिलेले असेल की निर्णय अमुक तारखेला संचालक मंडळात होऊन गेला आहे आणि नवी जागा भाड्याने घेतली आहे. विचारल्याशिवाय सांगायचे नाही, पण थेट विचारले तर खोटे बोलायचे नाही. कामगार गटाने ते बाहेर काढायचे. 'तुम्ही कामगारांचा विचार केला का?' अशा प्रश्नाला 'अर्थातच' एवढेच उत्तर मिळते. 'हा प्रस्ताव संचालक मंडळापुढे कोणत्या तारखेला गेला?', 'कोणते पर्याय तपासले आणि कोणत्या कारणाने सोडले?', 'नव्या जागेबाबत आजपर्यंत कशावर सह्या झाल्या?' अशा, तारीख-आकडा मागणाऱ्या प्रश्नांनी पाकीट उघडते. पहिल्या फेरीत बहुधा ते उघडत नाही. उघडले नाही तरी चालेल, फेरी संपल्यावर सगळ्यांदेखत वाचून दाखवा.

दुसऱ्या दिवशी दोन सराव पुरेत. एक, देशांना आपसात लढवण्याचा. व्यवस्थापन सांगेल की एकच नवी लाईन आहे, पोर्तुगालला किंवा पोलंडला, जो कमी मागेल त्याला. इथे भावनेचे भाषण उपयोगी पडत नाही. गटाने आधीच लेखी ठरवलेले हवे की कोणताही देश जागेच्या बदल्यात स्वतंत्र सवलत देणार नाही आणि व्यवस्थापनाशी एकट्याने झालेले बोलणे चोवीस तासांत सगळ्यांना कळवेल. ठराव आदल्या दिवशी झालेला नसेल तर सभागृहात तो होत नाही.

दुसरा, हिशेबाचा, आणि याला निदान दीड तास द्या. फळ्यावर एवढेच लिहा : कारखान्यात एका नगाचा खर्च 100. कारखाना तो नग समूहातल्याच विक्री कंपनीला 98 ला देतो. विक्री कंपनी तो बाजारात 130 ला विकते, तिचा स्वतःचा खर्च 12. आता विचारा, तोट्यात कोण? कागदावर कारखाना नगामागे 2 गमावतो आणि विक्री कंपनी 20 कमावते. समूहाला नगामागे 18 मिळतात. 98 हा आकडा बाजाराने ठरवलेला नाही, तो समूहाने आपल्याच घरात ठरवलेला आहे. हे एकदा हाताने मांडले, की 'तुमचा कारखाना तोट्यात आहे' हे वाक्य ऐकल्यावर प्रतिनिधी मान खाली घालत नाही. तो विचारतो : समूहांतर्गत दर कोणी, कधी आणि कोणत्या आधाराने ठरवला? तीन वर्षांपूर्वी तो किती होता? मुख्यालयाच्या खर्चाचा आणि ब्रँड वापरण्याच्या शुल्काचा किती वाटा आमच्या माथी मारला आहे? हेच प्रश्न मग कराराच्या माहितीच्या कलमात उतरवायचे. देशवार नव्हे, कारखानावार आकडे, समूहांतर्गत दरांसह, मागच्या तीन वर्षांचे. एवढे एक वाक्य कलमात बसवून मगच वर्ग सोडा.